जीपमध्ये पेट्रोलचा वास

परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची एस्टी लागली होती. प्रमोदिनीबाई चढायला निघाल्या, तेवढ्यात बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

“अवो, आपल्या मल्हारचा फोन होता. सूनबाईला, दीपालीला कळा सुरू झाल्यात. जुनी जीप काढून कुर्डुवाडीच्या दवाखान्याला निघालाय.”

“जीप काढली? अगं, पेट्रोलच्या नळीला सकाळीच नवं वायसर घातलंय म्या.”

“मग बरंच की.”

“चालू करून कुठं बघितलंय? इंजिन तापल्यावर गळती लागली तर पेट घ्यायची!”

“आई गं! लावा फोन.”

“मल्हार? वास येतोय? थांब तिथंच! इंजिन बंद कर. आधी दीपालीला उतरव, लांब ने.”

“काय म्हणतोय?”

“नट ओला झालाय. आरं, आता आवळत बसू नगंस. जीपपाशी जाऊच नगं. कुठं हायसा? पुलापाशी?”

“भर रस्त्यात पोरीनं काय करायचं वो?”

प्रमोदिनीबाईंनी पायरीवरचा पाय मागं घेतला. “आजी, ही गाडी त्या पुलावरनंच जाते. आधी तुम्ही चढा.”

म्हातारा फोन कानाला लावूनच म्हातारीमागं एस्टीत चढला.

“मल्हार, एस्टीला हात कर. आमी हाय आत.”