साधं आर्ट्स नाही

हसताय काय, त्या दिवशी आमच्या लालबागच्या खोलीत माझं कॉलेज सुरू व्हायच्या आधीच बंद होणार होतं! बारावीला चांगले मार्क पडूनही मी परळच्या एका छोट्या कॉलेजात आर्ट्सला ॲडमिशन घेतली, हे बाबांना कळलं.

"आर्ट्स? नापास झालंस काय गो?" बाबा कडाडले. "उद्याच्या उद्या कॉमर्सक बदलून घे, नायतर घरात बस!"

घाबरून मी म्हटलं, "बाबा, साधं आर्ट्स नाही. लिबरल आर्ट्स आहे."

बाबा थबकले. "लिबरल? म्हणजे ता फॉरेनात असता ता?"

"हो."

बाबा आईला म्हणाले, "पेढे हाड." आई लगेच पेढे आणायला उठली.

तेवढ्यात शेजारची नेहा दारात. तिला माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात ॲडमिशन मिळालेली.

"काका, मला पण मिळालं!"

"लिबरलक?"

मी डोळे वटारले, पण तिचं लक्ष कुठे?

"नाही हो काका, आर्ट्सला."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेव नको गो. पुढच्या वर्षी परत ट्राय कर."