दोन्ही डोसांचे शिक्के

रक्ततपासणीच्या खिडकीबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर सासू-सुना बसल्या होत्या. सुनेच्या हातात लसीकरणाचं कार्ड होतं.

"म्हंजी विहानला सुई दिली व्हती?"

"दोन्ही डोस दिले होते, आई. हे शिक्के बघा."

"मग गोवरानं कसा गेला माझा नातू?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या, लस सगळ्यांच्या अंगात सारखी लागू पडत नाही. एखाद्या पोराच्या रक्तातच जन्मापासून तसं असतं. आई-बापाकडून आलेलं. म्हणून आपल्यासारख्या घरांतल्या सगळ्यांचं रक्त घेतायत. धाकट्या ओवीचं, माझं आणि ह्यांचं."

"गणराजचं कशाला?"

"कुणाकडून आलं ते बघायला. दोघांकडूनही असेल."

"आमच्या घराण्यात न्हाई तसलं काय. त्याला कंपनीत सुट्टी न्हाई म्हणून सांग."

"आज सेकंड शिफ्ट आहे त्यांची. आत्ता घरीच आहेत."

"मी न्हाई म्हणते, म्हणून न्हाई. उद्या भावकीत कसं तोंड दाखवायचं त्यानं?"

"मी वर्षभर दाखवतेच आहे की. माहेरी गेली आणि पोराची सुई चुकवली, असं तुम्हीच सांगितलंत सगळ्या चऱ्होलीला."

"सांगितलं. मला तसंच वाटलं व्हतं."

"आता कळलं ना?"

"कळलं. पर लोकांनी धरलंय ते तसंच ऱ्हाऊ दे. तुला सवय झालीय."

सुनेनं कार्ड मिटून पिशवीत ठेवलं.

"ओवीचा डोस कधी हाय?"

"सोमवारी. ह्या वेळी तुम्ही घेऊन जा."