मॅटवर वलगावची माती

अरे, वलगावचा रोशन आठवते ना, माह्यासंगं कॉलेजात कबड्डी खेळे तो? चढाईले जायाच्या आधी चिमूटभर माती तळहाताले चोळे. त्याशिवाय त्याचा पायच उचले नाई. पुढं एका मोठ्या लीगच्या टीमनं त्याले घेतलं. पहिलीच मॅच, टीव्हीवर, अन् खाली रबरी मॅट! पठ्ठ्यानं गावची काळी माती पुडीत बांधून नेली अन् घामेजल्या हाताले चोळली. मॅटवर हा चिखल! पंचानं खेळ थांबवला, म्हणे, "पुसा आता." पोरगा गुडघ्यावर बसून मॅट पुसून राहिला, डोळे भरलेले. मी इकडं त्याच्या मायजवळ टीव्हीसमोर बसलो होतो. मले वाटलं, माउली आता रडते.

तं म्हणे कशी, "मायबाई! घरी तं कधी फडक्याले हात लावला नाई यानं!"