जठर माझं, मत त्यांचं

...नाही, पण मी म्हणतो, मग बावीस वर्षं मी कोमट दूध प्यालो कशासाठी? सांगा ना! तुम्हाला सांगतो, मी छापखान्यात प्रुफं तपासणारा माणूस, चुका काढणं हा माझा धंदा, आणि एक दिवस पोटात जी आग पडली... आमचे म्हातारे डॉक्टर, नाडी धरून डोळे मिटले नि म्हणाले, "जठराला सूज! सगळी चिंतेची करणी. तिखट बंद, दूध चालू. आणि वहिनी, यांना उलट बोलायचं नाही हं!" झालं. जठर माझं, मत त्यांचं!

बायकोनं ते इतकं मनावर घेतलं, की मी घरात काहीही बोललो... पडदे वाकडे, भात कच्चा, तुझ्या भावाला अक्कल नाही... की ती ओठ आवळून म्हणायची, "दूध घ्या." मला आपलं वाटायचं, माझं बरोबरच असतं!

पुढे म्हातारे गेले, त्यांचा मुलगा खुर्चीत बसला. "छे हो काका, चिंता कसली? आम्ल!" गोळ्या सुरू. घेतली की बरं, सोडली की पुन्हा भडका. भीतभीत विचारलं, "जंतूबिंतू नसेल ना?" हसला हो! "त्या आम्लात जंतू जगेल का, काका?" बरं बाबा. जठर माझं, मत त्यांचं!

आणि आता या नवीन डॉक्टरीणबाई! घशातून कॅमेऱ्याची नळी घातली, आतला कणभर तुकडा काढला, आठ दिवसांनी म्हणतात, "जंतू आहे." "अहो, पण आम्लात..." "मजेत राहतो! एका डॉक्टरानं स्वतः पिऊन दाखवलाय." पिऊन! मी इथे दूध पितोय आणि तिकडे लोक जंतू पितायत! "दोन आठवडे गोळ्या, की संपलं." म्हटलं, "आणि ते... उलट बोलणं?" "त्याचा काही संबंध नाही, काका."

आता हे माझ्या कानात सांगता आलं नसतं? बायको शेजारच्या खुर्चीत! तिनं शांतपणे पर्सची चेन लावली, बस्स.

गोळ्यांनी पोट एकदम गार पडलं हो, खोटं कशाला बोलू. पण बायकोनं बावीस वर्षांची साठवलेली उलट उत्तरं पहिल्या वर्षापासून द्यायला सुरुवात केलीय. तारीखवार! एक चूक सापडेल तर शपथ, मी शोधून पाहिली. दीड महिन्यात आम्ही तिसऱ्या वर्षात आलोय. काल बाईंना फोन केला, "हा जंतू परत येतो का हो?" म्हणाल्या, "फार क्वचित. घाबरू नका, काका."

म्हटलं, बाई, घाबरून कोण विचारतंय?