ढिली परांची

मग ताईच्या औषधाला कळतं कसं, कुठली पेशी वाईट आणि कुठली आपली? — नाही, तुम्ही सांगायलाच पाहिजे असं नाही मॅडम, डॉक्टरांनीही सांगितलं नाही. ताईला विचारलं तर ती नुसती हसली. मी इमारतींना परांची बांधणारा माणूस, सातवीत शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, कोण जाणे — मला काय कळणार? पण ताई म्हणाली पेशीच्या आतही परांची असते, आणि माझे कान टवकारले. बारीक नळ्या, ताण सोसणारे दोर, कडेकडेनं धागे. नळीवरून म्हणे दोन पायांचा हमाल बोचकं घेऊन चालतो. मी विचारलं, पडू नये म्हणून पट्टा बांधतो का तो? इतकी हसली की खोकलाच लागला.

आता तिच्या वर्गाला तुम्ही शिकवणार, म्हणून पेशीच्या परांचीचं हे मॉडेल इथं शाळेत आणलं. तिनंच करायला सांगितलं होतं, पोरांसाठी. आणि मी काय केलं? सगळे नट असे आवळले की हत्ती नाचला तरी हलू नये. छाती फुगवून तिच्या खाटेपाशी नेलं. ती म्हणाली, “बाळ्या, ही पेशी मेली रे.” खरी परांची म्हणे एका टोकाला बांधत जाते, दुसऱ्या टोकाला सुटत जाते, सारखी. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर जुनी मोडून नवी उभी करावी लागते. तिचं औषध नेमकं तिथंच अडवायचं — नळ्या सुटूच द्यायचं नाही. म्हणजे गाठ वाढायला नको. वाढली. केस मात्र गेले, बोटं बधिर झाली, नसांतले हमालही अडले असणार. आणि मी तिच्याशी वाद घालत बसलो — ढिली परांची मी बांधत नसतो, माणसं पडतात. पेशीला सुरक्षेचे नियम शिकवणारा शहाणा जगात मी एकटाच.

हो, डुगडुगतंय, मला दिसतंय. मीच ढिलं केलं, आत्ता, तुमच्या शाळेच्या पायऱ्यांवर बसून. हात ऐकतच नव्हता, सोडायला जायचा आणि उलटा आवळायचा. — नको, शिपायाला नका बोलावू, कोसळलं तर पोरं परत बांधतील, तेच शिकवायचं होतं तिला. शेवटचा एक नट राहिलाय. जरा सरका, पाना फिरू द्या. — हं. सुटला. जा तुम्ही, पोरं वाट बघतायत.