म्हशीच्या तोंडी माझं वाक्य

…न्हाय न्हाय, म्हशीवर माझा राग न्हाय, ते पैलं डोक्यातनं काढून टाका. मुकं जनावर ते, त्याच्यावर काय जळायचं? तुमाला सांगतो पावणं, हे सगळं आमच्या गल्लीनं उठवलंय, की अंबादास म्हशीवर जळतोय म्हणून. राज्य नाट्य स्पर्धेत हयातभर तोंडाला रंग लावलेला माणूस, हायस्कुलात हेडक्लार्क, घरात बायको, पोरगी, आणि तो म्हशीवर जळंल? …थोडं जळलो असंन. पण का जळलो ते तरी ऐकशीला का न्हाय? बसा. आणि हे कोपर आधी बघून घ्या. डावं. नीट बघून ठेवा, फुडं लागंल.

त्याचं असं झालं, सत्त्याण्णव साली टीव्हीवर एक मालिका लागलती, 'नटाची सावली बेपत्ता'. कुणालाच कळत न्हवती आणि कुणीच चुकवत न्हवतं, तसली. एक नट असतोय, सुदाम म्हणून. त्याची सावली त्याला सोडून जाती आणि त्याला मिळणारे सगळे रोल आपणच करत सुटती, आणि हा बिचारा तिला हुडकत गावभर फिरतोय. कपाट उघडलं की आत प्रेक्षक बसल्यात, शेंगा खात. मिशी काढून खुर्चीवर ठेवली की मिशी एसटीत बसून माहेराला जाती. आमच्या शेजारच्या झुंबरबाई दर गुरवारी माझ्याच घरात टीव्हीफुडं मांडी घालून बसायच्या आणि मलाच विचारायच्या, "मिशीला तिकीट अर्धं पडतंय का फुल हो?" मी म्हणायचो, झुंबरबाई, हे सगळं प्रतीक असतंय. तर म्हणायच्या, "असूंदे, पण कंडक्टरनं काय केलं असंल?"

तर ती मुंबईची मंडळी शूटिंगला कोल्हापुरात आली. का, तर नट सावली हुडकत हुडकत दूध कट्ट्यावर येतोय. आता आमचा दूध कट्टा तुमाला काय सांगायचा, म्हशी रांगेनं हुभ्या, तुमच्या डोळ्यांदेखत धार, आणि फेसाचा गिलास तिथंच तोंडाला. त्यांना पायजे हुता एक दूधवाला. सगळ्या कोल्हापुरातनं कुणाला निवडलं? मला. वाक्य एकच, पण काय वाक्य! नट विचारतोय, "माझी सावली बघितली का हो?" आणि मी म्हशीच्या पाठीवर हे कोपर टेकून म्हणायचं, "मघाशी हितनंच गेली. लई घाईत हुती." संपलं. ह्याच्यात काय न्हाय सांगा. दुःख हाय, विनोद हाय, तत्त्वज्ञान हाय. म्हस हुती आमच्या गल्लीतल्या केरबाची, चंद्री म्हणून. आठ दिवस मी रोज सकाळी तिच्या कानाशी जाऊन ते वाक्य पाठ केलं. कधी हळू, कधी मोठ्यानं, कधी डोळ्यात पाणी आणून. केरबा धार काढता काढता म्हणायचा, "अंबूदा, म्हशीला पाठ झालं, तुमचं कधी व्हायचं?"

हसलो मी तवा. हसलो बघा.

शूटिंगला वाक्य मी एका दमात म्हणलं, आणि मग दाखवायचा गुरवार आला. मी साऱ्या गल्लीला आवतण देऊन आलतो. घरात पाय ठेवायला जागा न्हाय, पेढ्यांचा बॉक्स टीव्हीवर, आणि श्यामला, आमची मंडळी, लग्नातली साडी नेसून फुडं बसलेली. लागलं. नट कट्ट्यावर आला. विचारलं, "माझी सावली बघितली का हो?" आणि कॅमेरा गेला चंद्रीच्या तोंडावर… आणि चंद्री म्हणली, "मघाशी हितनंच गेली. लई घाईत हुती."

चंद्री म्हणली. म्हस! ती आपली रवंथ करत हुभी हुती, तोंड हलत हुतं, त्या लोकांनी माझं वाक्य उचललं आणि तिच्या तोंडात बसवलं. आणि बसलं हो… खोटं कशाला बोलू, इतकं बसलं, की माझ्या स्वतःच्या तोंडात आजवर कुठलं वाक्य असं बसलं न्हवतं. तोंड तिचं, डोळं तिचं, कान हलवायची ती लकब तिची. आणि आवाज कुणाचा? माझा! आणि मी कुठाय? तर तिच्या पाठीवर एक कोपर दिसतंय. हे. म्हणून म्हणलं बघून ठेवा.

मग जे हसायला लागली माणसं, ती हसत हसतच उठली आणि सगळी एका दमात केरबाच्या गोठ्याकडं पळाली. घरात मी आणि श्यामला. इतक्यात झुंबरबाई माघारी आल्या. मला वाटलं, चला, एक तरी जाणकार निघाली. त्यांनी टीव्हीवरचा पेढ्यांचा बॉक्स उचलला, म्हणल्या, "तिचं तोंड गोड कराय पायजे न्हवं," आणि गेल्या.

मी काय गप बसलो व्हय? दुसऱ्या दिवशी केरबाला गाठलं. म्हणलं, केरबा, तो आवाज माझा हाय. केरबा म्हणला, "असंल की अंबूदा, म्या कुठं न्हाय म्हणतोय. पर तोंड तर हिचंच हाय." हाफिसात सांगितलं तर साहेब म्हणले, "अंबादास, म्हशीचं श्रेय घेऊ नये माणसानं." बोला आता.

आणि फुडं कळस झाला. उशिरा बोलणारी पोरं कडेवर घेऊन बायका कट्ट्यावर यायला लागल्या. बोलत्या म्हशीचं दूध पाजलं की पोरगं लवकर बोलतंय म्हणं. हे काढलं कुणी? झुंबरबाईंनी. पार कबनूरपासनं, वारणानगरास्नं माणसं यायची. आमची मधुवंती तवा दोन वर्षांची, तोंडातनं शब्द काढत न्हवती, तर श्यामलाबी गिलास घेऊन रांगेत. मी म्हणलं, अगं, तो आवाज ह्या घरात दिवसभर फुकट बोलतोय, त्याचा गुण येत न्हाय आणि दुधाचा येतोय व्हय? तर म्हणती कशी, "तुमी म्हस हायसा का?" आणि पोरगी बोलली हो. पंधरा दिवसांत बोलली. पैला शब्द काय बोलली असंल? बाबा? आई?

"म्हस."

तवापास्नं दूध आणायला मीच जायाचो. धार निघंस्तोवर चंद्रीच्या कानाशी हुभा राहून सगळं ओकायचो. म्हणायचो, बाई, तुला देवानं तोंड दिलं ते वैरणीसाठी, वाक्यासाठी न्हवं. म्हणायचो, तुझ्या गळ्यात हार आणि माझ्या गळ्यात हाफिसाच्या किल्ल्या. आणि शेवटाला ते वाक्य म्हणून दाखवायचो, की बघ, हे असं म्हणायचं असतंय. ती कान हलवायची. नऊ वर्षं मी बोलालोय आणि ती कान हलवालीय.

मालिका काय, बंद पडलती. सावली घावली का न्हाय ते न सांगताच बंद पडली. आणि दोन हजार सहा साली, गणपतीच्या तोंडावर, एके दिवशी गल्लीच्या तोंडाला बघतोय तर डिजिटल बोर्ड! दोन मजली! 'नटाची सावली बेपत्ता पुन्हा येत आहे. चंद्रीच्या पुनरागमनाबद्दल हार्दिक अभिनंदन!' चंद्रीचा फोटो, गॉगल घातलेला. आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो असत्यात न्हवं, बारकं बारकं, पोस्टाच्या तिकिटासारखं… त्यात एक ओळखीचं तोंड. माझं! कधी घेतला फोटो, कुणी दिला? श्यामलानं. म्हणली, "गल्लीत सगळ्यांचा हाय, तुमचाच नसला तर लोक म्हणतील जळत्यात." आयुष्यात पैल्यांदा माझं तोंड चार लोकांनी बघितलं, ते म्हशीच्या खुराखाली.

पण मी म्हणलं, असूंदे. मुंबईची मंडळी परत येणार, ह्या खेपेला आपण तोंड दाखवायचंच. शूटिंगच्या दिवशी दाढी केली, धोतर नेसलो, पटका बांधला, चंद्रीच्या शेजारी जाऊन हुभा राहिलो. कोपर टेकलं न्हवतं अजून. तो दिग्दर्शक लांबनं वरडला, "ओ काका, जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडतीये म्हशीवर!" आता सांगा. नऊ वर्षं ह्यांचा नट सावली हुडकालाय, मी आपली आपणहून घेऊन गेलतो, तर म्हणं पडतीये. आणि आवाज? तो म्हणं मुंबईत एक मोठा कलाकार देणार हाय.

भाग लागला त्या दिवशी केरबानं गोठ्याफुडं टीव्ही मांडला. सारी गल्ली तिथं. श्यामला म्हणली, "मी जरा जाऊन येतो, झुंबरबाई हाका माराल्यात," आणि गेली ती गेलीच. मी घरात एकटा, दिवा मालवून, आवाज बारीक करून. नट आला. विचारलं त्यानं. आणि चंद्री म्हणली, एकदम साजूक तुपातलं, "मघाशीच इथून गेली. फारच घाईत होती." मी कान टवकारलं. गोठ्याकडनं हसण्याचा आवाज न्हाय. टाळी न्हाय. काय न्हाय. तुमाला सांगतो, त्या शांततेनं मला जे सुख दिलं, ते मला राज्य नाट्यच्या सर्टिफिकिटानं दिलं न्हवतं. मी तसाच अनवाणी पळत सुटलो. म्हणलं, आज कळलं ह्यास्नी. आज म्हणतील, अंबादास, तुझ्याबिगर मजा न्हाय.

जाऊन बघतोय तर झुंबरबाई चंद्रीच्या गळ्यावरनं हात फिरवाल्यात, आणि म्हणत्यात, "घसा बसलाय गं माझ्या बयेचा. पुण्याकडचं वारं लागलं." केरबाच्या डोळ्यात पाणी. म्हणला, "वय झालं तिचं." आणि श्यामला, माझी श्यामला, पदर खोचून आलं किसत बसलेली. म्हशीला काढा करायला! मी वरडलो, अहो, आवाज बदललाय कारण पैला आवाज माझा हुता. माझा! झुंबरबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणल्या, "तुमचा कसा असंल? तुमी आमच्याशी कधी एवढं गोड बोलला न्हाईसा."

त्याच्यावर आला पाडवा. आता दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा थाट असतोय, शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांची माळ, आणि मालकानं मोटरसायकल फटफटवत फुडं जायाचं, की म्हशीनं तिच्या आवाजावर मागनं पळायचं. ज्याची म्हस पळंल त्याची मिशी वर. केरबानं गाडीचा सायलेन्सर काढला. रस्त्याच्या दोन्ही बाजूला माणसं, आमच्या गल्लीची पोरं वरडालीत, "आवाज कुणाचा? केरबाच्या चंद्रीचा!" केरबानं गाडी फटफटवली. चंद्री जागची हलंना. परत फटफटवली. ती रस्त्याच्या मधोमध हुभी, नजर कुठंतरी. लोक हसायला लागली. "रिटायर करा, रिटायर करा." केरबाचं तोंड एवढंसं झालं.

मला बरं वाटायला पायजे हुतं न्हाय? वाटलं. पैल्यांदा वाटलं. पण मग तिच्याकडं बघितलं… रंगवलेली, नटवलेली, समोर पब्लिक, आणि काय करायचं ते आठवंना. मी हुभा राहिलोय हो तसा. स्टेजवर, मधोमध, वाक्य विसरून. मला ते बघवंना. तोंडातनं आपसूक आलं, "मघाशी हितनंच गेली. लई घाईत हुती."

चंद्रीनं कान हलवला. मान वळवली. आणि ढोल, गाडी, केरबा, सगळं सोडून ती जी पळत सुटली, ती गर्दी फाडत सरळ माझ्याकडं, आणि तिनं तोंड माझ्या छातीत खुपसलं. मी पार मोरपिसात बुडालो. सगळं कोल्हापूर आमच्याकडं बघालंय. केरबा गाडी टाकून पळत आला, म्हणला, "अंबूदा, परत म्हणा." मी कोपर टेकलं तिच्या मानेवर, आणि म्हणलं. डोळ्यात पाणी आणून म्हणलं. झुंबरबाईंनी डोळं मिटलं, कान दिला… मला वाटलं, आलं. एवढ्या वर्षांनी आलं ध्यानात. झुंबरबाईंनी डोळं उघडलं, श्यामलाचा हात धरला आणि म्हणल्या,

"काढा लागू पडला गं."

काय वरडली पब्लिक! काय हलगी वाजली! चंद्रीवर गुलाल, चंद्रीला हार. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. चंद्री, मोरपिसं, कवड्या, आणि मानेवर एक कोपर. डावं. खाली लिवलंय, 'छोट्या पडद्यावरची लाडकी चंद्री, आपल्या एका चाहत्यासोबत.' श्यामलानं फ्रेम करून भिंतीला लावलाय. म्हणती, "कोपर छान आलंय तुमचं."

असूंदे. चाहता तर चाहता. आता ती भाकड झालीया, मालिकाबी परत बंद पडली, गॉगलचा बोर्ड केरबानं गोठ्यावर पावसाला आडोसा म्हणून टाकलाय. तिच्याकडं कोण फिरकत न्हाय. मी जातो सकाळी. कानाशी हुभा राहतो, वाक्य म्हणतो, ती वळून बघती. साऱ्या कोल्हापुरात तो आवाज माझा हाय हे त्या एकटीला ठावं हाय. आणि तिनं ते कुणाला सांगायचं म्हणलं… तर त्यालाबी आवाज माझाच लागतोय.