नावपट्टीवरचं गाव

जयंत : पुढचं. 'वॉश युवर हॅण्ड्स ऑफ इट'.

मयुरा : सोप्पं आहे, बाबा. लावार्से लास मानोस. इंग्रजीत हात धुतात, स्पॅनिशमध्येही धुतात.

जयंत : आपण नुसते झटकतो. पाणी वाचतं.

मयुरा : जूनमध्ये झाँसीत तेच परवडतं! विचारा ना पुढे, उद्या पेपर आहे माझा.

जयंत : 'पास द बक'.

मयुरा : पासार ला पेलोता. चेंडू दुसऱ्याकडे टोलवायचा. आणि अजून एक आहे, एचार्ले एल मुएर्तो आ ओत्रो. मतलब, आपलं मढं दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं.

जयंत : असलं अभद्र विचारतात परीक्षेत?

मयुरा : सच्ची. आमच्या सरांनी कहाणीच सांगितली. पूर्वी म्हणे तिकडे गावाच्या हद्दीत प्रेत सापडलं आणि मारणारा मिळाला नाही, तर अख्ख्या गावाला दंड व्हायचा. मग लोक मढं उचलून गुपचूप शेजारच्या गावात ठेवून यायचे.

जयंत : पुरे. मीट ती वही.

मयुरा : बाबा, बोलिव्हियाहून उत्तर आलंय.

जयंत : खाणवाल्यांचं? पंपाबद्दलचं आपल्या कंपनीचं पत्र पटलं का त्यांना?

मयुरा : त्यांचं नाही. खाणीत गेलेल्या त्या फ्लोरेन्सियोच्या बायकोचं. पत्राखाली अनुवाद करणारी म्हणून माझा नंबर होता ना, त्यावर आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय. दोन दिवस सांगू की नको, करत होते.

जयंत : सांग.

मयुरा : म्हणते, माझा नवरा सहा महिने तुमच्या पंपाला तेल घालायचा. रोज नावपट्टी पुसायचा. झाँसी, इंडिया. पंप फुटला, खाणीत पाणी भरलं, तो खालीच राहिला. आता रोज दारात येतो, ओलाचिंब, आणि विचारतो, झाँसी कुठे आहे.

जयंत : बिचारीचं डोकं फिरलंय दुःखानं.

मयुरा : पुढे ऐका ना. म्हणते, तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. पंपाची चाचणी ज्यानं केली त्याचं नाव ऐकलं आणि तो निघून गेला. आता मला झोप लागते. देव तुमचं भलं करो.

जयंत : चला. सुटली बिचारी.

मयुरा : बाबा, पत्रात नाव तुमच्या हाताखालच्या पराग भैयाचं आहे. मीच लिहिलंय ते, या हातानं.

जयंत : चाचणीच्या रजिस्टरवर सही त्याचीच आहे.

मयुरा : तुम्ही करायला लावलेली! आईला सांगत होतात, तेव्हा ऐकलंय मी. पंपात अर्धा तास पाण्याचा दाब धरून ठेवायचा होता. तुम्ही दहा मिनिटांत बंद करवलंत.

जयंत : ट्रक गेटवर उभा होता गं. गेल्या वर्षीची मार्चअखेर होती. आणि माझी रिटायरमेंट अकरा महिन्यांवर आलीय, या वयात चौकशी झेपायची नाही मला. पराग तरुण आहे, नोकरी गेली तरी सावरेल.

मयुरा : मी नोकरीचं बोलतच नाहीये, बाबा.

(जयंतचा फोन वाजतो. परागचं नाव बघून मयुरा स्पीकर लावते.)

पराग : सर, नमस्कार. भरदुपारी तकलीफ देतोय. मयुरा घरी आहे का? ती कुठली तरी परदेशी भाषा शिकते ना?

जयंत : का रे?

पराग : तीन दिवस झाले, ऐन दुपारी गरम लू चालते तेव्हा एक माणूस येऊन आमच्या फाटकाशी उभा राहतो. ना हिंदी, ना बुंदेली. हातात पत्र्याची पट्टी आहे, तीवर आपल्या कंपनीचं नाव. ती पुढे धरतो आणि माझ्याकडे बघत राहतो.

जयंत : वेडा असेल. हाकलून दे.

पराग : कसा हाकलू, सर? आमच्या नगरा मोहल्ल्यात चार दिवस नळाला थेंब नाही आणि तो उभा राहतो तिथे पाणी साचतं. श्रेयाला, माझ्या बायकोला, सातवा महिना. ती पुसते, परत ओलं. आज तो फाटकाच्या आत आलाय. ओट्यावर बसलाय.

मयुरा : पराग भैया, काही बोलतो का तो?

पराग : एकच. 'एस आकी?' पुन्हा पुन्हा तेच. 'एस आकी?'

मयुरा : इथेच का, असं विचारतोय.

पराग : मग मी हो म्हणून टाकू का? कदाचित जाईल.

मयुरा : नको! भैया, मानसुद्धा हलवू नका. बाबा, बोला ना काहीतरी!

जयंत : पराग.

पराग : जी, सर.

जयंत : त्या दिवशी तू म्हणाला होतास, सर, अजून वीस मिनिटं राहिलीत. मी म्हटलं, सही कर.

पराग : जाऊ द्या सर, पुरानी बात.

जयंत : जाऊ दिलं म्हणून तर तुझ्या ओट्यावर येऊन बसलाय तो. मला भीती वाटतेय रे. पण ऐक. उद्या कंपनीत मी माझ्या सहीनं लिहून देतो. आज त्याला रस्ता सांग.

पराग : कुठला रस्ता?

जयंत : माझ्या घराचा. लक्ष्मी तालाच्या काठानं, देवळाच्या मागे, निळं फाटक. त्याला कळेल असं हातानं दाखव.

पराग : सर... तो उठला. मी अजून हातही उचलला नाही. फाटकातून गेला. श्रेया, अगं, ओटा कोरडा आहे!

जयंत : फोन ठेव. दोघं जेवून घ्या.

मयुरा : बाबा, दार लावू?

जयंत : नको, राहू दे उघडं. 'हो, इथेच' कसं म्हणतात गं त्यांच्यात?

मयुरा : सी. एस आकी.

जयंत : परत एकदा सांग, हळू. पायरी ओली झालीय.